निरोप एकच, अर्थ पेशीचा

चिखलीहून खामगावच्या रस्त्याला लागले की वाटेत अमडापूर येते. बल्लाळदेवीचे गाव म्हणून बुलडाणा जिल्हा त्याला ओळखतो. शिवारात खरिपाला सोयाबीन, तूर, कपाशी. रब्बीला हरभरा आणि गहू. मृगाच्या सरींनी डबकी भरली की त्यांत बेडूकमासे वळवळू लागतात आणि काही आठवड्यांत शेपूट टाकून काठावर चढतात. कपाशीच्या पानावरची अळी कात टाकते आणि पहिल्याहून जास्त अधाशी होऊन खायला लागते. बांधावर आघाडा माजतो, भाद्रपदात तो गणपतीच्या पत्रीत जातो. घरातल्या पोराचा आवाज एका वर्षात फुटतो. मेडिकलच्या काउंटरवर नायट्याची ट्यूब विकली जाते. आशाताई नव्या सुनेच्या हातात ‘छाया’ गोळ्यांचे पाकीट ठेवतात.

या गोष्टींचे एकमेकींशी नाते असेल असे कुणाच्या मनात येत नाही. पण ते आहे, आणि ते शोधून काढायला जगभरच्या शास्त्रज्ञांची शंभरेक वर्षे खर्ची पडली आहेत. या सगळ्यांच्या मुळाशी एक लहानसा रेणू पेशीत शिरतो, तिथल्या एका प्रथिनाला चिकटतो आणि ते प्रथिन डीएनएवर जाऊन ठरावीक जनुके चालू किंवा बंद करते. या रेणूंतले बहुतेक कोलेस्टेरॉलपासून घडलेले, म्हणजे स्टेरॉइड असतात. बेडूकमाशाच्या बाबतीत तो रेणू थायरॉइड ग्रंथीचा असतो; घडणीने तो वेगळा, पण कामाची रीत तीच.

गावात दवंडी पिटली जाते, ती सगळ्या आळ्यांत एकच असते. ती ऐकून कुणी पोते उचलतो, कुणी दार लावून घेतो, कुणी बाजाराला निघतो. दवंडीत यातले काहीच सांगितलेले नसते. ज्याच्या घरात जे असते त्याप्रमाणे तो वागतो. स्टेरॉइड संप्रेरकाचे काम असेच चालते. रेणूत हुकूम नसतो. त्याचा अर्थ ती ती पेशी लावते. हे एक वाक्य नीट समजले, तर अळीपासून कॅन्सरपर्यंत आणि गजकर्णाच्या मलमापासून कोविडच्या सलाइनपर्यंत पुष्कळ गोष्टी उलगडतात.

अळीच्या पोटातला निरोप

बुलडाणा जिल्ह्यात तुती लावून रेशमाच्या अळ्या पाळणारे शेतकरी आहेत. शेजारच्या जालन्याला २०१८मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इकडचे कोष विकायला कर्नाटकात रामनगरपर्यंत जावे लागे. या शेतकऱ्यांना अळीची कात पुस्तकातून शिकावी लागत नाही. अंडीपुंज फुटल्यापासून कोष विणेपर्यंत अळी चार वेळा कात टाकते. ती मोल्टवर बसली की डोके वर करून स्तब्ध होते. अशा वेळी पाला घालायचा नाही, बिछाना कोरडा ठेवायचा, चुना भुरभुरायचा, हे संगोपनगृहात सगळ्यांना पाठ असते. पाचव्या अवस्थेत ती बेसुमार पाला खाते, मग अंग पिवळसर पारदर्शक होते, खाणे सुटते. अळी ‘पिकली’ की तिला कोष विणण्यासाठी चंद्रिकेवर सोडायचे.

ही वेळ कोण ठरवते? पोलंडमधल्या स्टेफान कोपेच यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पतंगाच्या अळ्यांवर प्रयोग करून दाखवले, की अळीचा मेंदू ठरावीक वेळेआधी काढला तर ती कोषावस्थेत जात नाही. १९४०मध्ये जपानच्या सोइची फुकुदा यांनी रेशमाच्या अळीला दोऱ्याने आवळून बांधले आणि वक्षातल्या एका ग्रंथीपर्यंत माग काढला. तिथून रक्तात काहीतरी सुटते आणि अळीचे अंग बदलते, एवढे नक्की झाले. ते ‘काहीतरी’ पकडायचे काम जर्मनीत आडोल्फ ब्युटेनांट आणि पीटर कार्लसन यांनी हाती घेतले. १९५४मध्ये त्यांनी रेशमाच्या पाचशे किलो कोषकीटकांमधून अवघे पंचवीस मिलिग्रॅम स्फटिक वेगळे केले. या पदार्थाला एक्डायसोन हे नाव मिळाले. त्याची पूर्ण रचना १९६५मध्ये समजली तेव्हा तो स्टेरॉइड असल्याचे सिद्ध झाले. माणसाच्या लैंगिक संप्रेरकांच्याच कुळातला.

कीटकांना कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही. तुतीच्या पानातली स्टेरॉल पचवून अळी त्यांचे कोलेस्टेरॉल करते आणि त्यातून एक्डायसोन घडवते. म्हणजे कात टाकण्याचा निरोप ज्या मालातून तयार होतो तो शेतातल्या पानातूनच येतो.

फुगलेली पट्टी

आता मूळ प्रश्न उरला. हा रेणू पेशीत जाऊन करतो काय? १९५०च्या दशकात बहुतेकांचा समज असा होता की संप्रेरक एखाद्या एन्झाइमला हात लावते किंवा पेशीच्या पडद्यात फरक घडवते. डीएनएशी त्याचा थेट संबंध असेल असे म्हणणारे थोडे होते.

उत्तर मिळाले ते एका क्षुद्र वाटणाऱ्या जिवाकडून. साचलेल्या पाण्यात, हौदाच्या तळाच्या गाळात लालभडक अळ्या दिसतात. त्या कायरोनोमस नावाच्या, न चावणाऱ्या माशीच्या असतात. या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रे राक्षसी असतात. पेशी विभागत नाही, पण डीएनएच्या हजारो प्रती एकाला एक लागून राहतात, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही गुणसूत्रावर गडद-फिक्या पट्ट्या ओळीने मोजता येतात. काही पट्ट्या मधूनच फुगलेल्या दिसतात. १९५२मध्ये वोल्फगांग बेअरमान यांनी हे फुगे वेगवेगळ्या ऊतींत आणि वेगवेगळ्या वेळी वेगळ्या जागी येतात हे दाखवून, ती कामावर असलेली जनुके असावीत असे सुचवले.

१९६०मध्ये उलरिख क्लेव्हर यांनी कार्लसन यांच्या साथीने या अळीला शुद्ध एक्डायसोन टोचले. अर्ध्या तासाच्या आत पहिल्या गुणसूत्रावरची एक ठरावीक पट्टी फुगली, मग चौथ्यावरची एक. अळी कात टाकायला निघते तेव्हा नैसर्गिकरीत्या जिथे फुगवटे येतात, नेमक्या त्याच जागा, त्याच क्रमाने. संप्रेरक जनुकांवर काम करते याचा हा डोळ्यांना दिसणारा पहिला पुरावा होता. फ्रान्समध्ये जाकोब आणि मोनो यांनी जीवाणूंतल्या जनुक-नियंत्रणाचा सिद्धांत मांडला तो पुढच्याच वर्षी, १९६१मध्ये.

पुढे मायकेल ॲशबर्नर यांनी फळमाशीच्या लाळग्रंथी बशीत ठेवून हाच प्रयोग बारकाईने केला. थोडे फुगे काही मिनिटांत येतात. शंभराहून अधिक उशिरा, तासांनी येतात. पेशीत नवी प्रथिने तयार होऊच दिली नाहीत तर लवकरचे फुगे येतात, उशिराचे येत नाहीत. यावरून १९७४मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडले की एक्डायसोन थेट मोजक्याच जनुकांना जागे करते, आणि त्या जनुकांची प्रथिने पुढच्या साऱ्या जनुकांना कामाला लावतात. एका लहानशा रेणूने अख्ख्या अळीचा पतंग कसा होतो, याचे उत्तर या दोन टप्प्यांत आहे.

मुंबईचे टाटा आणि बेडकाची शेपूट

या कथेत एक मुंबईकर ठळकपणे उभा आहे. जमशेद रुस्तम टाटा यांचा जन्म १९३०चा, मुंबईचा. पॅरिसमध्ये डॉक्टरेट घेऊन ते पुढे लंडनच्या मिल हिलमधल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत रोझलिंड पिट-रिव्हर्स यांच्याकडे थायरॉइड संप्रेरकांवर काम करू लागले. दोघांचे या विषयावरचे पुस्तक १९५९मध्ये निघाले. आयुष्याची बरीच वर्षे टाटांनी त्याच संस्थेत काढली आणि १९७३मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

१९१२मध्ये गुडरनाच यांनी बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातले तेव्हा ते वेळेआधीच चिमुकले बेडूक झाले होते. पण आतल्या आत काय घडते हे अंधारात होते. टाटा आणि विडनेल यांनी १९६६मध्ये उंदरांच्या यकृतावर दाखवले, की थायरॉइड संप्रेरक दिल्यावर चयापचय वाढण्याच्या पुष्कळ आधी पेशीकेंद्रकात आरएनए बनण्याचा वेग वाढतो. आधी जनुके हलतात, मग शरीर.

त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. बेडूकमाशाची शेपूट कापून त्यांनी ती बशीत जिवंत ठेवली आणि त्यात संप्रेरक घातले. शेपूट आक्रसू लागली, विरघळू लागली. मग त्यांनी आरएनए आणि प्रथिने बनणे थांबवणारी औषधे त्यात टाकली. शेपटीचे विरघळणे थांबले. याचा अर्थ असा, की मरणाऱ्या पेशींनाही मरण्यासाठी नवी जनुके चालू करावी लागतात. नाश म्हणजे नुसती पडझड नव्हे, तो जनुकांत लिहिलेला, हुकमी कार्यक्रम आहे. त्याच बेडूकमाशाच्या शरीरात तोच निरोप मागच्या पायांना वाढायला लावतो, यकृताला प्रौढ बेडकाचे बनवतो आणि शेपटीला मरायला. संप्रेरक तिन्हीकडे एकच आहे. वेगळ्या आहेत त्या ऐकणाऱ्या पेशी.

पुढे टाटांच्या प्रयोगशाळेने स्टेरॉइडकडेही लक्ष वळवले. अंड्यातल्या बलकाचे मूळ प्रथिन मादी बेडकाच्या यकृतात तयार होते. नर बेडकाला इस्ट्रोजेन टोचले तर त्याचे यकृतही ते बनवू लागते. ते जनुक नराच्या पेशीत पहिल्यापासून असते, कधी वापरात नसते एवढेच.

ऐकणारे प्रथिन

निरोप ऐकणारे कोण, हे शिकागोत एलवुड जेन्सन शोधत होते. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले इस्ट्रोजेन बनवले आणि उंदरांना टोचून पाहिले. रक्तातून आणि इतर अवयवांतून ते निघून गेले; गर्भाशयात मात्र टिकून राहिले, आणि तेही रासायनिक बदल न होता. म्हणजे गर्भाशयाच्या पेशीत त्याला धरून ठेवणारे काहीतरी होते. तेच ग्राही प्रथिन, रिसेप्टर. बर्ट ओमॅली यांनी कोंबडीच्या अंडनलिकेवर काम करून दाखवले, की स्टेरॉइड दिल्यावर विशिष्ट प्रथिनाचा संदेशवाहक आरएनएच वाढतो.

१९८५मध्ये रॉन इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने माणसातल्या कॉर्टिसोल या स्टेरॉइडच्या ग्राहीचे जनुक वेगळे केले. १९८६मध्ये पियेर शाम्बों यांच्या चमूने इस्ट्रोजेनच्या ग्राहीचे वाचन छापले. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा ती एकाच घडणीची निघाली, आणि थायरॉइडचा ग्राहीही त्याच घराण्यातला. माणसाच्या जनुकसंचात अशा ग्राहींची जनुके ४८ आहेत. जेन्सन, इव्हान्स आणि शाम्बों यांना २००४चा लास्कर पुरस्कार या कामासाठी मिळाला.

यंत्रणा अशी आहे. स्टेरॉइड तेलकट, त्यामुळे पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरते. कॉर्टिसोलचा ग्राही पेशीद्रवात इतर प्रथिनांच्या ताब्यात थांबलेला असतो. कॉर्टिसोल चिकटले की त्याचा आकार बदलतो, तो केंद्रकात जातो आणि डीएनएवरचा ठरावीक अक्षरक्रम धरतो. पण जनुक तेवढ्याने चालू होत नाही. सोबतीला सहनियामक प्रथिने लागतात. त्यातले पहिले ओमॅली यांच्या गटाने १९९५मध्ये शोधले. कोणत्या पेशीत कोणते सहनियामक आहेत आणि डीएनएचा कोणता भाग उघडा आहे, त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. एकाच कॉर्टिसोलने यकृतात साखर तयार करणारी जनुके का चढतात आणि पांढऱ्या पेशींत सूज आणणारी का दबतात, ते इथे कळते.

बांधावरचा आघाडा

एक्डायसोनचा ग्राही फळमाशीत १९९१मध्ये सापडला. त्याच सुमारास एक नवे कीटकनाशक तयार होत होते. टेबुफेनोझाइड स्टेरॉइड नाही, पण पतंगवर्गीय अळ्यांच्या एक्डायसोन-ग्राहीला घट्ट चिकटते. अळीच्या पेशी समजतात की कात टाकायची वेळ झाली. ती खाणे थांबवते, अपुरी कात टाकते आणि मरते. मधमाशी, पक्षी आणि माणूस यांना त्याचा उपद्रव फार कमी, कारण माणसात हा ग्राही नाहीच आणि इतर कीटकांत तो थोडा वेगळा आहे. १९९८मध्ये त्याला अमेरिकेचा हरित रसायन पुरस्कार मिळाला. रेशमाची अळीही पतंगवर्गीयच, म्हणून तुतीच्या शेजारच्या पिकावर असे औषध फवारताना सावध राहायलाच हवे.

वनस्पतींनी ही युक्ती माणसाच्या फार आधी शोधली आहे. १९६०च्या दशकात जपानी रसायनशास्त्रज्ञांना झाडांत एक्डायसोनसारखी स्टेरॉइड सापडू लागली, तीही कोषकीटकांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. त्यात आघाड्याच्या कुळातल्या वनस्पतींची मुळे होती. आपल्या आघाड्यातही एक्डिस्टेरॉन हे असेच एक स्टेरॉइड आहे. झाडाला त्याचा उपयोग कीटकांना रोखण्यासाठी होत असावा. रेशीम शेतकरी याच वनस्पतिज द्रव्याचा वापर उलट बाजूने करतात. थोड्या अळ्या पिकलेल्या दिसू लागल्या की ते पाल्यावर शिंपडायचे. मागे रेंगाळलेल्याही एकदम पिकतात आणि सगळी बॅच जवळजवळ एकाच वेळी चंद्रिकेवर चढते. मजुरी वाचते, कोष एकसारखे उतरतात. पाचशे किलो कोषकीटकांतून काढलेले ज्ञान असे पुन्हा रेशमाच्या शेडमध्ये आले आहे.

परळ आणि खारघर

आपल्या भागातला कॅन्सरचा रुग्ण शेगाव किंवा मलकापूरला गाडी पकडून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातो. महाराष्ट्रातले या विषयावरचे एक महत्त्वाचे काम तिथेच झाले आहे.

पुढे या रुग्णालयात काम केलेले शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे लंडनच्या गाइज रुग्णालयात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २४९ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. पाळी न थांबलेल्या या स्त्रियांची स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली होती. पाळीच्या तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५४ टक्के दहा वर्षांनी हयात होत्या, इतर दिवसांतल्या ८४ टक्के. १९९१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले तेव्हा वाद झाला, काही अभ्यासांत हा फरक दिसला, काहींत दिसला नाही. पण त्यातला प्रश्न खरा होता. त्या दिवसांत शरीरात इस्ट्रोजेन असते आणि प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसते. मग शस्त्रक्रियेआधी बाहेरून प्रोजेस्टेरॉन दिले तर?

टाटा रुग्णालयाने १९९७पासून एक हजार स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या पाच ते चौदा दिवस आधी प्रोजेस्टेरॉनजन्य औषधाचे ५०० मिलिग्रॅमचे एकच इंजेक्शन दिले. २०११मध्ये निकाल आला. सगळ्या स्त्रिया मिळून पाहिल्या तर ठाम फरक दिसला नाही. मात्र काखेतल्या गाठींत कॅन्सर पोचलेल्या स्त्रियांमध्ये पाच वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत सुमारे ६५ टक्के आणि न घेतलेल्यांत सुमारे ५५ टक्के होते. यावरून सर्वत्र ही पद्धत रूढ झालेली नाही. एका गटातला निष्कर्ष पुन्हा तपासावा लागतो. पण स्वस्तातले एक इंजेक्शन एवढे करू शकेल, हा विचारच आपल्यासारख्या देशासाठी मोठा आहे.

रेणूजीवशास्त्रज्ञांचे काम इथून सुरू झाले. टाटा स्मारक केंद्राच्याच खारघरमधल्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींना प्रोजेस्टेरॉन देऊन कोणती जनुके हलतात ते पाहिले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाप्रमाणे प्रोजेस्टेरॉनमुळे एसजीके१ नावाचे जनुक वाढते, त्याच्यामुळे पुढे एनडीआरजी१ वाढते आणि पेशींची पसरण्याची, आत घुसण्याची क्षमता घटते. विशेष म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा ग्राही नसलेल्या पेशींतही असे घडते. ऐकणाऱ्याचे दार एकच असते असे नाही, आणि ते कोणते हे शोधल्याशिवाय उपचार कुणाला लागू पडेल हे सांगता येत नाही.

गावातले स्टेरॉइड

गावात हे विज्ञान रोज वापरले जाते, बहुधा नकळत. ‘छाया’ गोळी म्हणजे ऑरमेलॉक्सिफेन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिचा शोध लागला. ती स्टेरॉइड नाही, पण इस्ट्रोजेनच्या ग्राहीला चिकटते. गर्भाशयाच्या अस्तरात ती इस्ट्रोजेनला अडवते, हाडांत मात्र इस्ट्रोजेनसारखी वागते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी निवडताना बाईला तिची माहिती मिळायला हवी, तो तिचा हक्क आहे.

दुसरी बाजू काळजीची आहे. नायटा, गजकर्ण झाले की मेडिकलमधून जी मिश्र मलमे आणली जातात त्यांतल्या अनेकांत जोरकस स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज आणि लाली जाते, कारण सूज आणणारी जनुके दबतात. पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते, बुरशी पसरते, आणि कोलॅजेनचे जनुक मंदावल्याने कातडी पातळ होते. २०१८मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरी काउंटरवरून ट्यूब मिळणे थांबलेले नाही. तीच गोष्ट अंगदुखीसाठी मारल्या जाणाऱ्या सुईची आणि ‘ताकदीच्या’ गोळ्यांची. बाहेरून येणारे स्टेरॉइड पाहून मेंदू आणि पीयूष ग्रंथी आपली जनुके बंद करतात. मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी आक्रसतात. मग औषध एकदम सोडले तर शरीराकडे स्वतःचे कॉर्टिसोल नसते आणि जीव धोक्यात येतो.

कोविडने हा धडा सगळ्यांसमोर ठेवला. जून २०२०मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले, की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथॅसोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशाने; ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा होत नाही. तरीही २०२१च्या लाटेत घरी बसलेल्या, तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असलेल्या कितीतरी लोकांना ते दिले गेले. साखर चढली, प्रतिकारशक्ती दबली आणि काळ्या बुरशीने महाराष्ट्रात डोळे आणि जीव घेतले. औषध स्वस्त होते, जीव वाचवणारे होते. ते कुणाच्या शरीरात, कोणत्या अवस्थेत जात आहे हे पाहिले गेले नाही.

म्हणून मला वाटते, हा विषय विद्यापीठाच्या आवारात ठेवण्यासारखा नाही. त्याची सुरुवात जिथून झाली ती लाल अळी आपल्या हौदात आहे. तिची लाळग्रंथी काढणे, ॲसिटोकार्माइनने रंगवणे आणि काचपट्टीवर दाबून राक्षसी गुणसूत्र पाहणे हे प्राणिशास्त्राच्या पदवीवर्गात आजही शिकवले जाते. त्याला महागडे यंत्र लागत नाही. चिखली-खामगावच्या महाविद्यालयांनी हा प्रयोग आसपासच्या शाळांतल्या नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी खुला करावा. कामावर असलेले जनुक ज्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तो उद्या शेतकरी, आशाताई, औषधविक्रेता किंवा डॉक्टर होईल. आणि स्टेरॉइड हातात घेताना, हे कोणत्या पेशीपर्यंत जाईल आणि तिथे काय बदलेल, हा प्रश्न तो आधी विचारील.